ताईत आणि तोडग्यातले प्राणी, झाडं, आकार वाचायला कसं शिकायचं: पहिल्यापासून

आमचं घर पटवेकऱ्याचं. म्हणजे दोरा वळणं, गोफ विणणं, करगोटा, गोंडा, ताईत ओवून देणं हे काम आज्जीच्या सासऱ्यापासून चालत आलंय, आणि सोलापुरात हे काम करताना रोज कोण ना कोण मोबाईलवर फोटो दाखवून विचारतंच, "अक्का, ह्या कासवाचा अर्थ काय ओ? निळा डोळा बांधला तर चालतंय का? बारक्याच्या गळ्यात वाघनख घालू का?" हल्ली कॉलेजची पोरंपोरी पण येतात, कुणाला टॅटू काढायचाय, कुणाला चांदीचं पेंडंट करायचंय, कुणाचा प्रोजेक्ट आहे, आणि सगळ्यांना एकच पाहिजे असतं, यादी. घुबड म्हणजे हे, मासा म्हणजे ते.

मी यादी देत नाही, कारण ती घराबाहेर पडली की चुकते. घुबड आमच्याकडं घरावर बसलं की बायका हाकलायला धावतात, बंगालात तेच लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजेत असतंय, आणि ग्रीकांच्या अथीना देवीजवळ बसलं की शहाणपण. पक्षी तोच आहे. म्हणून अर्थ पाठ करण्यापेक्षा अर्थ कसा तयार होतो ते शिका, मग कुठल्याही देशाचा ताईत हातात आला तरी तो थोडाफार वाचता येईल. मी आज्जीकडून जे शिकले आणि नंतर स्वतः वाचून-विचारून जे जमवलं ते इथं पायरी पायरीने लिहितेय.

पायरी १: दारावरची लिंबू-मिरची सोडवून बघा

शनिवारी सकाळी दुकानादुकानांत लिंबू-मिरचीच्या माळा घेऊन पोरं फिरतात, त्यातली एक विकत घ्या. दुसऱ्याच्या दारावरची काढू नका, त्यांची श्रद्धा असते. घरी आणून ताटात ठेवा आणि हळूच दोरा ओढून एकेक वस्तू वेगळी करा. खाली कोळशाचा तुकडा नाहीतर बिब्बा, त्यावर लिंबू, त्यावर सात हिरव्या मिरच्या, बहुतेक ठिकाणी असंच असतं.

आता प्रत्येक वस्तू काय करते ते बघा, काय "म्हणजे" आहे ते नंतर. लिंबू आंबट, नुसतं बघितलं तरी तोंडाला पाणी सुटतं. मिरची तिखट, हाताला लागली तर झोंबते, आणि तिला टोक आहे. कोळसा आधीच जळून गेलेला आहे, त्याचं आणखी काय वाईट होणार. आणि बिब्बा. बिब्ब्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण त्याने मला धडा दिलाय. मी अकरा-बारा वर्षांची असेन, आज्जी बाहेर गेली होती आणि मी बिब्ब्याला दाभणाने भोक पाडत बसले, त्याच्या सालीतलं काळं चिकट तेल बोटांना लागलं, ते मी फ्रॉकला पुसलं आणि विसरून गेले. दोन दिवसांनी बोटं सुजली, फोड आले, मांडीवर जिथं फ्रॉक घासला होता तिथं पण. पंधरा-वीस दिवस हातात सुई धरता आली नाही. पूर्वी परीट लोक कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचे, कारण तो डाग धुतला तरी जात नाही. आणि आपण कुणी चांगल्या कामात खोडा घातला की "त्याने बिब्बा घातला" म्हणतो ते उगाच नाही. आता सांगा, असली वस्तू दारावर का टांगली असेल हे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

पण माळ नुसती घाबरवायला नाही. आज्जी सांगायची ती गोष्ट अशी, की लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, आपण जिला अवदसा म्हणतो, तिला आंबट-तिखट आवडतं. ती दारात येते, तिथंच खाते, पोट भरलं की आत न येता परत जाते. म्हणजे हा दारातच केलेला पाहुणचार आहे. एकाच माळेत बोचणारं, भाजणारं आणि खाऊ घालणारं असं तिन्ही ओवलंय, आणि ताईत-तोडग्यांचं हेच असतं, एका वस्तूला एकच अर्थ सहसा नसतो.

अजून एक गोष्ट, नवशिक्यांना ही कळली की डोळे उघडतात. मिरची आपल्या देशातली नाही, ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी सोळाव्या शतकात इकडं आली. म्हणजे "हजारो वर्षांची परंपरा" म्हणून जी माळ दाखवतात ती आजच्या रूपात पाचशे-सव्वापाचशे वर्षांपेक्षा जुनी असूच शकत नाही. मोहरी मात्र खरंच जुनी, संस्कृतात पांढऱ्या मोहरीला रक्षोघ्न म्हणतात, राक्षसांना मारणारी. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यायला सांगितलीय. आपली आई मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते तेव्हा ती नकळत त्याच धुरीच्या शेजारी उभी असते.

पायरी २: चार प्रश्न विचारायची सवय लावा

एक, हे कशासारखं दिसतं? दोन, हे कशाला लागून आलंय, म्हणजे कुणाच्या अंगाचं, कुठल्या देवाच्या दारातलं? तीन, याचं नाव कशासारखं ऐकू येतं? चार, हे कुठं आणि कुणाला बांधलंय? पहिले दोन प्रश्न काय माझे नाहीत, स्कॉटलंडच्या जेम्स फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने फार पूर्वीच मांडलं होतं की जादूचे दोन मोठे नियम असतात, सारख्याने सारखं घडतं आणि एकदा स्पर्श झालेलं नंतरही जोडलेलं राहतं. नावाचा आणि जागेचा प्रश्न मी कामातून शिकले.

कवडी घ्या हातात आणि करून बघा. सपाट बाजू वर करा, मधे दातेरी फट दिसते. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यासारखी, आणि बाईच्या योनीसारखी पण, हे सांगताना लाजायचं कारण नाही, जगात कित्येक ठिकाणी कवडी लेकरू व्हावं म्हणून आणि दृष्ट लागू नये म्हणून अशा दोन्ही कारणांनी घालतात. हा झाला पहिला प्रश्न. दुसरा, लागून कशाला आलीय? आपल्याकडं कवडी म्हटलं की तुळजाभवानी. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारी माणसं बघा, साधारण ४५ किलोमीटर, त्यात आराधी बायकांच्या गळ्यात कवड्यांची माळ असतेच. ती माळ शोभेची नसते, घालणारी बाई देवीची झाली असं ती सांगते. शिवाय कवडी एके काळी चलन होती, मालदीवच्या समुद्रातून बंगालात गलबतं भरून यायची, म्हणून तिच्यात पैसा पण आला आणि "फुटकी कवडी" हा शब्द पण. समुद्र आपल्यापासून एवढा लांब, तरी समुद्रातला जीव आपल्या देवीच्या गळ्यात आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा प्रश्न नावाचा, हा लोक विसरतात. वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात. वचा, वाचा. आणि बाळाला बोलायला लवकर यावं म्हणून जिभेला काय लावतात, वेखंडच. (बाळाला चाटवायच्या आधी डॉक्टरला विचारा, हे सोडून पुढं जाऊ नका.) शमीचं पण तसंच, "शमी शमयते पापम्". अशोक, म्हणजे शोक नसलेला. आणि चिनी लोकांकडं वटवाघूळ शुभ का, तर त्यांच्या भाषेत वटवाघळाला आणि सौभाग्याला एकच उच्चार आहे, फू. म्हणून पाच वटवाघळं काढलेली चिनी थाळी दिसली तर ती भुताची नाही, पाच सौभाग्यांची आहे. भाषा येत नसेल तर हा अर्थ डोळ्यांनी कधीच दिसणार नाही.

चौथा प्रश्न जागेचा. काळा दोरा पायात बांधला, कमरेला बांधला, गाडीच्या आरशाला बांधला, प्रत्येक ठिकाणी काम वेगळं. उंबरा, चौकट, चौक, वेस, पोरीच्या गालावरचं तीट, हे सगळे "कडेचे" भाग आहेत, जिथं आतलं आणि बाहेरचं भेटतं. तोडगा जवळजवळ नेहमी कडेलाच असतो.

पायरी ३: झाडं

झाडांपासून सुरुवात करा, कारण ती सोपी आणि फुकट आहेत. रुई बघा. आपल्या माळरानावर जिथं काहीच उगवत नाही तिथं ही उन्हाळ्यात हिरवीगार उभी असते, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. शनिवारी मारुतीला हीच पानं. ज्याला ऊन, दुष्काळ, जनावर काही करू शकत नाही ते झाड बलदंड देवाला, बरोबर बसतंय ना? दुर्वा म्हणजे आपली हरळी, उपटली तरी पेरापेराला मुळ्या फुटून परत पसरते, म्हणून वंश वाढायच्या आशीर्वादात ती. बेलाला तीन पानं, महादेवाला तीन डोळे. आपट्याचं पान मधोमध दुमडलेलं, दोन भाग जोडलेले, दसऱ्याला सोनं म्हणून हातात देताना दोन माणसं पण तशीच जोडली जातात, असं आज्जी म्हणायची, हे पुस्तकात शोधू नका, हे तिचं आहे.

आता कोहळा, आणि इथं सोलापूरचं भाग्य आहे, कारण एकच तोडगा तीन भाषांत बघायला मिळतो. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली (तेलुगू विणकर) घरांच्या दारावर, नवीन बांधकामावर जो पांढुरका भोपळा टांगलेला असतो त्याला तेलुगूत बूडिद गुम्मडिकाय म्हणतात, बूडिद म्हणजे राख. कानडी घरातून विचारलं तर कुंबळकाई, आपण कोहळा. त्याच्यावर राखेसारखी पूड असते ती हात लावून बघा, बोटाला पांढरं लागतं, जणू भस्म लावलेलं डोकं. आणि अर्थ तोच आहे, डोकं. नवरात्रात कोहळा कापतात तो बळीच्या जागी, जीव द्यायच्या ऐवजी फळ. नारळाला तीन डोळे आणि शेंडी का महत्त्वाची तेही यावरून कळतं. दारावरचा कोहळा सडायला लागला की लोक म्हणतात, याने घेतलं, घरावर येणारं याने स्वतःवर घेतलं. बांधकामावर बऱ्याचदा त्याच्या शेजारी मोठ्या डोळ्यांचा, जीभ काढलेला मुखवटा असतो, तेलुगूत दिष्टि बोम्मा. बघणाऱ्याची नजर आधी त्या भयंकर तोंडावर पडावी, घरावर नाही. तान्ह्याच्या गालावरचं तीट आणि हा मुखवटा एकच काम करतात, मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

परदेशात पण झाडांचं असंच. युरोपात चार पानांचा क्लोव्हर भाग्याचा, कारण नेहमी तीनच पानं असतात, दुर्मिळ गोष्ट सापडली हेच भाग्य. इटलीत सताप्याच्या फांदीच्या आकाराचा चांदीचा ताईत बाळांना घालतात, आणि सताप आपल्याकडं पण लोक कुंडीत लावतात तेच उग्र वासाचं झाड. उग्र वास, कडू चव, काटा, चीक, ही चार लक्षणं दिसली की समजा झाड राखणीला ठेवलंय. गोड वास, दूध, भरपूर बिया, पसरणं, असं असेल तर वाढीला.

पायरी ४: प्राणी, आणि इथं सावध राहा

प्राण्याचा अर्थ त्याच्या वागण्यातून येतो. इजिप्तमध्ये शेणकिड्याचा ताईत सगळ्यात लोकप्रिय होता, आपल्याला वाटतं शी, पण तो शेणाचा गोळा ढकलत नेतो तसा सूर्याचा गोळा कुणीतरी आकाशात ढकलतो असं त्यांनी बघितलं, आणि गोळ्यातून नवे किडे बाहेर पडतात म्हणून पुनर्जन्म. मेलेल्याच्या छातीवर दगडाचा शेणकिडा ठेवायचे, न्यायाच्या वेळी काळजाने मालकाविरुद्ध बोलू नये म्हणून. किडा बघणारा माणूस किती वेळ वाकून बसला असेल याचा विचार करा.

कासव आपल्या देवळात नंदीच्या पुढं असतं. हातपाय आत ओढून घेतं, तसं देवळात शिरताना मन आवरायचं, गीतेत पण हाच दाखला आहे. शिवाय कूर्मावतारात त्याने पाठीवर डोंगर तोलला, म्हणून टिकाव. अंगठीतलं कासव हे अलीकडचं फॅड, त्यात लक्ष्मी येऊन मिसळली. हत्ती, नाग यांच्यावर थांबत नाही, ते तुम्हाला येतं. मोर मात्र बघा. सोलापुरी चादरीवरचा मोर आपल्या घराघरात आहे. मोर सापाला मारतो म्हणून राखणीचा, आणि पिसावर डोळा आहे म्हणून नजरेला नजर. आता गंमत बघा, इंग्लंडमध्ये बरेच लोक मोरपीस घरात ठेवत नाहीत, अशुभ मानतात, कारण तोच डोळा. इथं डोळा आपल्या बाजूने बघतो, तिथं आपल्याकडं बघतो.

दुकानाच्या गल्ल्यावर हात हलवणारी मांजर दिसते ती जपानची, मानेकी-नेको. डावा पंजा वर असेल तर गिऱ्हाईक बोलावते, उजवा असेल तर पैसा, असं साधारण मानतात. शेजारी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक असेल तर तो चिनी. आणि दारावरची घोड्याची नाल, ती आपली पण आणि युरोपची पण. आपल्याकडं काळ्या घोड्याची आणि शनिवारची, तिकडं संत डन्स्टन यांनी सैतानाच्या पायात नाल ठोकली ती कथा. टोकं वर की खाली यावर तिकडं भांडणं, वर ठेवली तर भाग्य सांडत नाही, खाली ठेवली तर येणाऱ्यावर बरसतं. दोन्हीकडं समान काय, तर लोखंड आणि चंद्रकोरीचा आकार.

आता जे सांगते ते प्लीज नीट वाचा. प्राण्याची आकृती वेगळी आणि प्राण्याचं अंग वेगळं. वाघाचं नख गळ्यात घातलं की वाघाचं बळ येतं, हा दुसऱ्या प्रश्नातला स्पर्शाचा नियम, समजायला सोपा आहे. पण त्यासाठी वाघ मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, खरं वाघनख जवळ ठेवणं गुन्हा आहे आणि बाजारात मिळतं ते बहुतेक शिंगाचं नाहीतर प्लास्टिकचं. आमच्या दुकानात लोक आणून देतात ओवायला, मी परत देते. चांदीचं करा ना, आकार तोच, अर्थ तोच.

हत्ताजोडी म्हणून जे विकतात, दोन हात जोडल्यासारखी वाळलेली मुळी, ती बऱ्याचदा मुळी नसतेच. २०१७ मध्ये तपासणीत उघड झालं की ते नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. विचार करा, देवघरात काय ठेवलं जातंय आणि त्या जनावराचं काय केलेलं असतंय. इंद्रजाल म्हणून जी समुद्रातली वनस्पती फ्रेममध्ये मिळते ती वनस्पती नाही, प्रवाळाच्या जातीचा जीव आहे, तोही संरक्षित. सियारसिंगी, म्हणे कोल्ह्याचं शिंग. कोल्ह्याला शिंग नसतं. मांडूळ सापाची शेपटी तोंडासारखी बोथट म्हणून तो "दुतोंड्या", दोन्हीकडून सारखा म्हणून पैसा डबल करतो असं सांगून लाखोंच्या गप्पा मारतात, आणि बिचारा मातीत राहून उंदीर खाणारा शेतकऱ्याचा मित्र पोत्यात गुदमरून मरतो. दिवाळीच्या अमावास्येला घुबडांचं पण असंच. मोराचं आपोआप गळालेलं पीस ठेवायला देशात मुभा आहे, पण मोर मारणं गुन्हा आहे, तो १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. मला मनापासून वाटतं की ज्या जीवाला आपण एवढा मोठा अर्थ दिला त्याला मारून तो अर्थ उरत नाही.

पायरी ५: आकार

वही आणि पेन्सिल घ्या, कारण आकार बघून नाही, काढून कळतात.

गोल काढा. सुरुवात आणि शेवट एका जागी आला, आत-बाहेर ठरलं. कडं, करगोटा, ताटाभोवतीचं पाण्याचं मंडल, सगळं हेच. त्रिकोण काढा, टोक वर, ज्वाळेसारखा, शिव. टोक खाली, खाली वाहणाऱ्या पाण्यासारखा, शक्ती. एकावर एक ठेवा, षट्कोन. श्रीयंत्रात असे नऊ मोठे त्रिकोण, चार वर तोंडाचे, पाच खाली तोंडाचे, आणि ते एकमेकांना छेदून ४३ लहान त्रिकोण होतात. एकदा स्वतः काढायचा प्रयत्न करा, तीन-तीन रेषा बरोबर एकाच बिंदूत छेदायला लावताना जीव मेटाकुटीला येतो, आणि तेव्हा कळतं की लोक याला एकाग्रतेचं साधन का म्हणतात.

मग नऊ घरांचा चौकोन काढा आणि असा भरा: वरची ओळ ४, ९, २, मधली ३, ५, ७, खालची ८, १, ६. आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज करा, १५. हे पंधरिया यंत्र. चिनी कथेत हाच चौकोन लो नदीतून वर आलेल्या कासवाच्या पाठीवर दिसला होता, बघा कासव परत आलं. आणि मुसलमान तावीजात पण हाच, कोपऱ्यांतले आकडे २, ४, ६, ८ यांची अरबी अक्षरं लावली की "बुदूह" असा शब्द होतो, तो नुसता लिहिला तरी रक्षण होतं असं मानत. एक चौकोन, तीन धर्म, आणि बेरीज सगळीकडं तीच. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी हाच काढायला लावते, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हाताचा पंजा. उत्तर आफ्रिका, अरब देशांत खम्सा, म्हणजे पाच, मुसलमान त्याला फातिमाचा हात म्हणतात, ज्यू लोक मिरियमचा. आपल्याकडं मोहरमला जे पंजे निघतात त्यात पंजतन पाक म्हणजे पाच पवित्र व्यक्ती, आणि ते पंजे बघायला, नवस बोलायला हिंदू घरं पण जातात हे इथं वाढलेल्याला सांगायला नको. वास्तुशांतीला भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उठवतात ते पण लक्षात घ्या. उघडा पंजा सगळीकडं दोन गोष्टी बोलतो, थांब, आणि घे.

निळा काचेचा डोळा हा तुर्कस्तानचा, नजर बोंजूक, तिकडं निळ्या डोळ्यांची माणसं कमी म्हणून त्यांची नजर बाधते असं मानायचे, त्यावर निळ्याच डोळ्याचा उतारा. आपला काळा आणि त्यांचा निळा, काम एक. आणि इटलीत नेपल्सकडं लाल वाकडं शिंग गळ्यात घालतात, फोटो बघितला तर तुम्ही शपथेवर सांगाल की ही लाल मिरची आहे. टोकदार, वाकडं, झोंबणारं. स्वस्तिक चार दिशा आणि सु-अस्ति, पण परदेशी जाणाऱ्या मुलांना मी सांगते, युरोपात त्याच्यावर नाझींचा डाग पडलाय, तिथं हातावर गोंदवून फिरू नका.

गाठीबद्दल आमच्या धंद्याचं एकच सांगते, गाठ मारताना श्वास धरायचा आणि ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव मनात घ्यायचं. आज्जी असंच करायची, मी पण करते.

पायरी ६: गावात फिरा

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला या. नंदीध्वजाच्या उंच काठ्या सजवून निघतात, सात नंदीध्वज, आणि होमाच्या रात्री नंदीध्वजाला नागफणी बांधतात. बांबू, नंदी, नाग, अग्नी, अक्षता, सगळं एका उत्सवात, चारही प्रश्न विचारायला याच्यासारखी शाळा नाही. मग रूपाभवानीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या बायकांकडं कवड्या, परड्या, पोत बघा. विकत घ्या, मग विचारा, आणि "मावशी, हे कशाला असतंय?" असं विचारा, "हे खरं आहे का?" असं नको. चैत्रात एखादी आज्जी चैत्रांगण काढत असेल तर शेजारी पाट टाकून बसा, सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, सगळा शब्दकोश एका अंगणात असतो. प्रत्येक वस्तूला वहीत अर्धं पान द्या आणि कुणी सांगितलं, कुठल्या भाषेत सांगितलं ते लिहा. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, एकाला चूक ठरवू नका.

पायरी ७: एक स्वतः करा

पहिला ताईत बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला करा, हा हेतू स्वच्छ असतो. एक झाड, एक प्राणी, एक आकार, यापेक्षा जास्त घेऊ नका, नवशिके सगळंच ओवतात आणि मग त्याचं बोलणं कळेनासं होतं. मी एकदा केलेलं सांगते: कॉटनचा लाल-काळा गोफ, त्यात हळकुंडाचा छोटा तुकडा, एक कवडी, आणि चांदीच्या पातळ पत्र्यावर कोरलेलं कासव. हळद घरची, कवडी देवीची नजर, कासव म्हणजे घर पाठीवर घेऊन जा आणि हळू जा. पाठवताना चिठ्ठीत तीन ओळी लिहिल्या की काय का घातलंय, कारण अर्थ माहीत नसलेला ताईत नुसता दागिना असतो.

बाळासाठी करणार असाल तर गळ्यात दोरा नको, फास लागतो. मनगटावर सैल, दोन बोटं जातील एवढा, आणि मणी गिळण्याएवढे लहान नकोत. बिब्बा कुणाच्याच अंगाला लागेल असा बांधू नका.

आणि ताप आला, फिट आली, साप चावला तर डॉक्टर, सिव्हिल हॉस्पिटल, आधी तेच. ताईताने आजार बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणी करणी केलीय म्हणून हजारो रुपये मागितले, कुणा बाईला चेटकीण ठरवलं, तर तो अर्थ-बिर्थ काही नसतो, सरळ पोलिसात जायचं. आपण जे शिकतोय ते चिन्हं वाचणं, ते कुणाला भीती घालायला वापरायचं नाही.

पायरी ८: जुनं झालं की

लिंबू-मिरची चौकात फेकू नका, चालणाऱ्याच्या मनात उगाच भीती बसते, आणि संभाजी तलावात तर काहीच टाकू नका. लिंबू, मिरची, पानं, कोहळा हे झाडाच्या बुडात पुरा, दोरा कॉटनचा असेल तर तोही. बिब्बा कागदात गुंडाळून वेगळा, कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला लागायला नको. कवडी, चांदी धुऊन ठेवून द्या, ती परत ओवता येते. माझ्याकडं डब्यात आज्जीच्या हातच्या सुटलेल्या अकरा कवड्या होत्या, त्यातल्या सात आत्तापर्यंत गेल्या कुणाकुणाच्या मनगटावर, चार उरल्यात.